वजनकाटा आणि तालमीतला मुलगा

चैत्र लागला की आमच्या लोणंद परिसरातील जत्रांमध्ये हलगी कडाडू लागते आणि माझ्या दवाखान्यात सुजलेले कान व निखळलेले खांदे दिसू लागतात. परंतु मध्यंतरी एक वडील आपल्या सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन आले, तेव्हा त्याला बाहेरून कोठेही इजा नव्हती. जीभ कोरडी, नाडी जलद आणि पोटऱ्यांत गोळे. अठ्ठावन्न किलोच्या या मुलाला पंचावन्नच्या गटात खेळायचे होते. त्यासाठी दोन दिवस पाणी वर्ज्य करून तो अंगात दोन स्वेटर घालून उन्हात धावला होता. सलाइनने तो सावरला. स्पर्धा मात्र हुकली.

जत्रेतील कुस्तीत जाणते लोक नजरेनेच जोड ठरवतात आणि पाठ टेकेपर्यंत लढत चालते. स्पर्धेचे शास्त्र वेगळे आहे. तेथे वजनगट काटेकोर असतात. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या होतात, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती असते आणि फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी मिळताच कुस्ती संपते. १९६१ पासून सुरू असलेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती व गादी या दोन विभागांतील विजेते मानाच्या गदेसाठी अखेरची लढत देतात. २०२२ मध्ये हा सोहळा साताऱ्यातच झाला होता.

जपानच्या व्यावसायिक सुमोमध्ये वर्षाला सहा मोठ्या स्पर्धा होतात, प्रत्येक पंधरा दिवसांची. तेथे वजनगटच नाहीत. म्हणून मल्ल वजन वाढवीत राहतात आणि मधुमेह व सांधेदुखी ओढवून घेतात. आपल्याकडील धोका नेमका उलटा आहे.

शरीरातील पाणी आटले की रक्ताचे आकारमान घटते, हृदय व मूत्रपिंडांवर ताण येतो, उष्माघात होऊ शकतो. १९९७ मध्ये अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर असेच वजन उतरवताना महिन्याभराच्या अवधीत दगावले आणि त्यानंतर तेथील नियम बदलले.

म्हणून पालकांनी व वस्तादांनी गट स्पर्धेच्या काही महिने आधीच ठरवावा. वाढत्या वयाच्या मुलाला शक्यतो त्याच्या सहज वजनाच्याच गटात खेळवावे. वजन उतरवणे भागच असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास उतरवावे. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या कदापि देऊ नयेत. त्या घातक आहेत आणि खेळात प्रतिबंधितही. चक्कर, उलटी वा बरळणे दिसताच रुग्णालय गाठावे.

आपल्याच जिल्ह्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे ऑलिंपिक कांस्यपदक मिळवले, ते सत्तावन्न किलोच्या गटात. पदकाचे मोल गटाच्या आकड्यावर ठरत नाही, हे आपल्या मुलांना सांगावे आणि तालमीतून घरी आल्यावर प्रथम त्यांच्या हाती पाण्याचा तांब्या द्यावा.