उपाशी मांजर आणि आपलं अणुव्रत

घरात मांजर असताना नवं पिल्लू आणलं, की आपल्या बीडमध्ये हमखास सल्ला मिळतो: “जुनीला उपाशी ठेवा, दोघींना एका खोलीत कोंडा, आपोआप जमेल.” मला हे अजिबात पटत नाही. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठ म्हणतो. त्यांत बंध आहे, अन्नपाननिरोधही आहे. पाणी गाळून पिणाऱ्या घरात मुक्या जिवाला भुकेनं वठणीवर आणायचं?

मांजर घर वासानं ओळखते. पिल्लाला आधी वेगळी खोली, वेगळं वाळूचं घमेलं द्या. अंथरुणाची फडकी अदलाबदल करा. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना ताटल्या ठेवा. आमची जुनी अकराव्या दिवशी दाराशी बसून जेवली. फिसकारते अजून. फिसकारू दे.