नॉर्मल रिपोर्ट आणि हाताला लागलेली गाठ

वृषणाचा कर्करोग मुख्यतः तरुणांना, साधारण 15 ते 40 या वयात होतो. मुक्ताईनगरच्या केळीबागांत राबणाऱ्या पोराला अंडात न दुखणारी गाठ लागली, तर ती अंडवृद्धी समजून तो महिनोन्महिने अंगावर काढू शकतो. अशा वेळी एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच या रक्तचाचण्यांचा आधार वाटणे स्वाभाविक आहे. रक्त जवळच देता येते, लाजही आड येत नाही.

हा आधार खोटा नाही. यकृत ठीक असताना एएफपी स्पष्ट वाढलेले असेल, तर गाठ निव्वळ सेमिनोमा (या कर्करोगाचा एक प्रकार) नाही असेच डॉक्टर धरतात, मग गाठीच्या तपासणीत काहीही येवो. उपचाराची दिशाच त्याने बदलते. शस्त्रक्रियेनंतर बीटा-एचसीजी एक-दीड दिवसात आणि एएफपी 5 ते 7 दिवसांत निम्मे व्हायला हवे. तसे होत नसेल, तर रोग शरीरात उरल्याची शंका स्कॅनमध्ये काही दिसण्याआधीच येते.

मात्र निव्वळ सेमिनोमात एएफपी वाढतच नाही, आणि बीटा-एचसीजी वाढते ते सुमारे 15 ते 20 टक्के रुग्णांत. बाकीच्यांच्या हाती बहुधा नॉर्मल रिपोर्ट येतो आणि गाठ वाढत राहते. याउलट कावीळ किंवा दारूने बिघडलेले यकृत एएफपी वाढवते. नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्या तरी एलडीएच चढते. अशा एकाच चढ्या आकड्यावर केमोथेरपी सुरू झाली, तर अजून मूल न झालेल्या तरुणाला त्याची फार मोठी किंमत मोजावी लागू शकते.

दुसरीकडे, दर वेळी सीटी स्कॅन करा म्हणणाऱ्यांनी भुसावळहून परळच्या टाटा रुग्णालयापर्यंतचा प्रवास, बुडालेली मजुरी आणि तरुण शरीरावरचा किरणोत्सर्गही मोजावा.

आमचा कल असा: निदानात डॉक्टरांचा हात आणि सोनोग्राफी यांचा शब्द वरचा, नॉर्मल रक्तावर गाठ सोडून देऊ नये. देखरेखीत मात्र रक्तावर अधिक विसंबावे, ते एकाच प्रयोगशाळेत, ठरलेल्या अंतराने आणि गावाजवळच तपासावे. ज्यांचे आकडे मुळातच वाढले नव्हते, त्यांचे स्कॅन मात्र टाळू नयेत. आणि शस्त्रक्रियेआधी रक्त घेतलेच पाहिजे. गाठ काढल्यावर तो पहिला आकडा पुन्हा मिळत नाही.