मोडलेल्या शपथेचा मुकुट

इंग्लंडच्या राजांच्या याद्या चाळताना आम्हांला विषाद वाटतो. १५५३ च्या जुलैत अवघे नऊ दिवस राणी म्हणविल्या गेलेल्या जेन ग्रेचे नाव अनेक याद्यांत आढळते. सम्राज्ञी मटिल्डेची बोळवण मात्र 'दावेदार' या एका शब्दावर होते. हा शब्द आम्हांला मान्य नाही.

पहिल्या हेन्रीचा एकुलता औरस पुत्र ११२० साली 'व्हाइट शिप' या गलबताबरोबर बुडाला. पुढे औरस पुत्र न झाल्यास कन्या मटिल्डेलाच गादीवर मानू, अशी शपथ ११२७ मध्ये सरदारांनी व बिशपांनी वाहिली. त्यांत राजाचा भाचा स्टीफन होता, तसेच कँटरबरीचे आर्चबिशप विल्यमही होते. १ डिसेंबर ११३५ रोजी हेन्री वारला आणि महिना उलटण्याच्या आतच त्याच आर्चबिशपांनी त्याच स्टीफनच्या मस्तकी मुकुट ठेवला!

कोणी म्हणेल, त्या काळी राजा ठरे तो अभिषेकाने. खरे आहे; परंतु अभिषेक करणारा हात शपथेने बांधलेला होता, त्याचे काय? मटिल्डा गर्विष्ठ होती, असेही सांगतात. ११४१ मध्ये स्टीफन कैदेत पडला, ती 'इंग्रजांची स्वामिनी' म्हणून घोषित झाली. पण लंडनकरांशी ती कठोरपणे वागली आणि राज्याभिषेकापूर्वीच तिला शहर सोडावे लागले. हा दोष आम्ही झाकत नाही. पण कठोर राजे काय थोडे झाले? त्यांचा कठोरपणा करारीपणा ठरला, तिचा तेवढा गर्व!

निवाडा अखेर स्टीफननेच दिला. ११५३ च्या तहात स्वतःच्या हयात पुत्राला डावलून त्याने मटिल्डेच्या पुत्रास वारस मानले. मातेचा हक्क खोटा होता, तर पुत्राचा खरा कोठून आला?

२०१३ च्या कायद्याने त्या गादीच्या वारशातील मुलगा-मुलगी हा भेद पुढील पिढ्यांपुरता मिटविला. कॅथलिकांस मात्र ती आजही वर्ज्य आहे. या अन्यायावर आपण बोट ठेवतो, ते योग्यच. परंतु मटिल्डेला दिलेला शब्द मोडणारे धर्मगुरू आपल्याच ख्रिस्तसभेचे होते, हेही तितक्याच स्पष्टपणे बोलले पाहिजे. परक्याने केलेला अन्याय मोजायचा आणि घरच्यांनी केलेला विसरायचा, याला आम्ही न्यायबुद्धी म्हणत नाही.