गोळी ‘मॅच’ झाली, म्हणजे नेमकं काय झालं?

परवा भोईवाडा कोर्टाबाहेर चहा पिताना शेजारच्या दोघांचा वाद कानावर पडला. विषय कुठल्या तरी गोळीबाराचा होता. एक जण म्हणाला, “अरे, लॅबचा रिपोर्ट आलाय, गोळी मॅच झालीय. आता काय राहिलं?” दुसरा गप्पच झाला. मीही काही बोललो नाही, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून हे लिहितोय. पोस्ट लांब आहे, तरी वाचा.

‘मॅच झाली’ म्हटलं की आपल्याकडे चर्चा संपते. पण महाराष्ट्रानं याची किंमत मोजलेली आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. पुढे कालिन्याच्या प्रयोगशाळेनं सांगितलं की घटनास्थळच्या पुराव्याशी एक पिस्तूल जुळतंय. ते पिस्तूल होतं शस्त्रविक्रीच्या संशयावरून पकडलेल्या दोघांकडचं. जानेवारी २०१४ मध्ये त्यांना या खुनात अटक झाली. पुढे? मुदतीत आरोपपत्रच दाखल झालं नाही आणि दोघं जामिनावर सुटले. तपास सीबीआयकडे गेला. कॉम्रेड पानसरे आणि प्रा. कलबुर्गी यांच्या खुनांनंतर कालिना आणि बेंगळुरूच्या प्रयोगशाळांची मतं एकमेकांशी जुळेनात. मग पुरावे स्कॉटलंड यार्डला पाठवायचं ठरलं, तेही बारगळलं, आणि शेवटी गुजरातच्या प्रयोगशाळेकडे गेले. १० मे २०२४ ला पुण्याच्या विशेष न्यायालयानं दोघांना जन्मठेप दिली. ते दोघं भलतेच निघाले, पहिल्या ‘मॅच’मधले नव्हेत. आणि तोवर जवळजवळ अकरा वर्षं गेली होती.

ती जुळणी पिस्तुलानं उमटवलेल्या खुणांची होती, सूक्ष्मदर्शकाखाली बघून केलेली. पण पिस्तूल सापडलंच नाही तर? किंवा गोळी हाडावर आपटून चपटी झाली तर? गावठी कट्ट्याच्या नळीत बहुतेक वेळा पीळदार खाचाच नसतात, मग खुणा कशाच्या बघणार? अशा वेळी मदतीला येतं रसायनशास्त्र. शिशाच्या गोळीत अँटिमनी, आर्सेनिक, तांबं, कथील, चांदी, बिस्मथ, कॅडमियम असे घटक अगदी थोड्या प्रमाणात असतात. ते मोजायचे. मृताच्या शरीरातल्या गोळीत आणि संशयिताच्या घरातल्या खोक्यातल्या गोळ्यांत हे प्रमाण सारखं निघालं, की म्हणायचं, गोळी याच खोक्यातली!

ऐकायला किती पक्कं वाटतं! अमेरिकेच्या एफबीआयलाही तसंच वाटलं. १९८० च्या दशकापासून त्यांनी सुमारे २,५०० प्रकरणांत ही तपासणी केली. त्यांचे तज्ज्ञ कोर्टात सांगायचे की गोळी त्याच खोक्यातली, किंवा त्याच दिवशी बनलेली. ज्युरी मान डोलवायची. मग एफबीआयमधूनच निवृत्त झालेले धातुतज्ज्ञ विल्यम टोबिन यांनी साधा प्रश्न विचारला: सारखं शिसं असलेल्या गोळ्या एकूण किती असतात?

उत्तर लालबागच्या मिरची गल्लीतल्या उदाहरणानं सांगतो. समजा, डंकावर मसाल्याचा मोठा घाणा कुटला आणि दुकानदारानं तो पुड्या बांधून विकला. उद्या कुणाच्या डब्यात तोच मसाला सापडला आणि माझ्या घरच्या बरणीतही तोच निघाला, तर तो माझ्याच बरणीतून गेला हे सिद्ध होतं का? तो मसाला परळ, शिवडी, काळाचौकी, सगळीकडे गेलेला असतो. माझ्या घरी तो आहे, एवढंच कळलं.

शिशाचंही तेच. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलनं २००४ साली अहवाल दिला. एकसारख्या घटकांच्या शिशापासून पॉइंट टू-टूच्या छोट्या गोळ्या किती बनू शकतात? कमीत कमी १२,०००, जास्तीत जास्त ३.५ कोटी! उलट एकाच खोक्यात वेगवेगळ्या घाण्यांच्या गोळ्याही सापडतात. म्हणजे प्रमाण जुळलं तरी ‘याच खोक्यातली’ म्हणता येत नाही आणि नाही जुळलं तरी ‘या खोक्यातली नाहीच’ म्हणता येत नाही. त्यात एका कारखान्याचा माल एकाच शहरातल्या दुकानांत जातो, तेव्हा एकाच गावातल्या अनेकांकडे तसल्याच गोळ्या असणं साहजिकच.

१ सप्टेंबर २००५ ला एफबीआयनं ही तपासणी कायमची बंद केली. लक्षात घ्या, मशीन चुकलं नव्हतं. मोजमाप बरोबरच होतं. त्यावरून काढलेला अर्थ चुकला होता.

“हे अमेरिकेचं झालं, आपल्याला काय?” असं कुणी म्हणेल. आपल्याला बरंच काही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक पथकानं घटनास्थळी जाणं बंधनकारक करायचं ठरलंय. चांगलंच आहे. पण याच संहितेच्या कलम ३२९ नुसार सरकारी तज्ज्ञाचा अहवाल त्याला साक्षीला न बोलावताही पुरावा म्हणून वापरता येतो. म्हणजे अहवाल वाढणार, आणि त्यांना उलटे प्रश्न विचारले जातीलच याची खात्री नाही. त्यात आपल्या राज्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळा गृहखात्याखाली आहेत. पोलीसही त्याच खात्याखाली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. शिसं असो, खुणा असोत की डीएनए, अहवालात ‘जुळते’ एवढंच लिहून चालणार नाही. अशी जुळणारी दुसरी किती असू शकतात, चूक होण्याची शक्यता किती, हेही लिहिलं पाहिजे. मूळ आकडे आणि फोटो बचाव पक्षाला मिळाले पाहिजेत. जिथं सगळा खटला एका अहवालावर उभा आहे, तिथं तज्ज्ञाला पिंजऱ्यात बोलावलंच पाहिजे. आणि प्रयोगशाळा गृहखात्यापासून वेगळ्या केल्या पाहिजेत.

यावर लगेच ‘तुम्ही गुन्हेगारांची बाजू घेताय’ असं ऐकावं लागेल. उलट आहे. चुकीचा माणूस आत गेला की खरा मोकळा फिरतो, आणि तपास त्याला शोधायचं सोडून देतो. केईएममध्ये पोस्टमॉर्टेम होऊन सीलबंद होणाऱ्या प्रत्येक गोळीमागे कुणाचं तरी घर उद्ध्वस्त झालेलं असतं. त्या घराला कुणीतरी एक आरोपी नकोय, खरा गुन्हेगार हवाय.

तेव्हा पुढच्या वेळी टीव्हीवर ‘गोळी मॅच झाली’ अशी पट्टी दिसली, की एकच विचारा: मॅच झाली, पण अजून किती जणांशी होऊ शकली असती?

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली सांगा, बोलूया.