पालकांना गेटबाहेर काढू नका, त्यांची खुर्ची ठरवा

उन्हाळा तोंडावर आला की पोहण्याच्या बॅचचे बोर्ड लागायला सुरुवात होते. आपल्या गोंदिया जिल्ह्यात पोहता येणाऱ्यांची कमी नाही, तलावांचाच जिल्हा आहे. चोरखमारासारख्या तलावाकाठच्या गावात पोट्टे काकाच्या नाहीतर मोठ्या भावाच्या भरोशावर पाण्यात उतरतात. फी नाही, नियम नाही, काठावर घरचंच कोणीतरी उभं असतं. पण त्यातलाच एखादा चांगला पोहणारा पोरगा शहरात तासाच्या भाड्याने टँक घेऊन बॅच सुरू करतो, तेव्हा गोष्ट बदलते. पैसे देणारा काठावर असतो आणि ज्याच्यासाठी दिले तो पाण्यात. हा दोन गिऱ्हाइकांचा धंदा आहे, आणि बहुतेक बॅच बुडतात त्या काठावरच्या गिऱ्हाइकामुळे.

कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ ला बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पोहला, २०१० ला ग्वांगझूच्या एशियाडमध्ये ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य घेऊन आला. तसं स्वप्न प्रत्येक बापाला पडावं, काही वाईट नाही. पण मग तो बाप मोबाईलवर टायमर लावून काठाने चालतो, "हात मार, हात मार" ओरडतो, आणि मधेच कोचला विचारतो, "सर, आमचा कधी फास्ट होणार?"

यावर बरेच जण एकच उपाय सांगतात: पालकांना गेटबाहेर ठेवा, कटकट नको. मला हे साफ मान्य नाही.

पहिलं म्हणजे, लहान मुलं आणि बंद दरवाजा हे समीकरणच चुकीचं आहे. मुलांना त्रास देणारा माणूस कोणाच्या कपाळावर लिहिलेला नसतो. अमेरिकेतली पोहण्याची राष्ट्रीय संस्था, यूएसए स्विमिंग, आपल्या क्लबना सांगते की सराव पालकांना बघता येईल असाच ठेवा. आपल्याकडे २०१२ चा पोक्सो कायदा आहे, पण कायदा बहुतेक वेळा घडून गेल्यावर कामी येतो. उघडी नजर आधी कामी येते. दुसरं, तालुक्याच्या ठिकाणी बारा वर्षांची मुलगी टँकवर टिकते ती तिची आई समोर बसलेली असते म्हणून. आईला बाहेर काढलं की पुढच्या महिन्यात मुलगीही गेली समजा. महिला कोच ठेवली असेल तर उत्तमच, तरी आईची खुर्ची लागतेच.

म्हणून पालकांना बसू द्या. जागा मात्र ठरवून द्या: अख्खा टँक दिसेल, पण तिथून कोचशी बोलता येणार नाही एवढ्या अंतरावर. बॅच चालू असताना कोचशी कोणी बोलायचं नाही, प्रश्न संपल्यावर दहा मिनिटांत विचारायचे. हा नियम कोचच्या इज्जतीसाठी नाही, आणि ते पालकांना नीट समजावून सांगा. बुडणारं मूल सिनेमात ओरडतं. खऱ्या पाण्यात बहुतेक वेळा आवाज येत नाही, कारण तोंड श्वास घेण्यातच गुंतलेलं असतं. अर्ध्या-एक मिनिटात खेळ आटपतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात ३ लाख माणसं बुडून गेली. "आमचा कधी फास्ट होणार" या प्रश्नाचं उत्तर द्यायला कोचने मान वळवली, तेवढा वेळ पाण्याकडे कोणी बघत नाही. असं सांगितलं की कडक बापही गप खुर्चीवर जाऊन बसतो.

आणायचं-न्यायचंही लिहून ठेवा. मूल हातात दिलं की तुमची जबाबदारी सुरू, ठरलेल्या माणसाच्या हातात परत दिलं की संपली. गेटवर सोडून गाडी वळवायची नाही. "आज शेजारचे काका नेतील" हे तोंडी चालणार नाही, घरून फोन पाहिजे. कपडे बदलायच्या खोलीत मोबाईल कोणाचाच नको. कोचने मुलांना वेगळे मेसेज करायचे नाहीत, जे असेल ते पालकांच्या ग्रुपवर. जुलाब, ताप, कान वाहतोय, तर त्या दिवशी पाणी बंद.

आता पैसा. समजा २० मुलं, १,५०० रुपये फी, जमले ३०,०००. टँकचं भाडं १२,०००, कोच आणि जीवरक्षक मिळून १०,०००. उरले ८,०००. मे महिन्यात चार मुलं मामाच्या गावाला गेली आणि चौघांनी अर्धी फी परत मागितली, तर ३,००० गेले. टँकवाला काही भाडं कमी करत नाही. म्हणून बुडालेला दिवस परत मिळेल की नाही, किती आणि कधीपर्यंत, हे पावती फाडण्याच्या आधी सांगा. आजारपणासाठी दोन दिवस भरून द्यावेत असं माझं मत. "आज नगद, उद्या उधार" चा बोर्ड दुकानात लागलेला असला की गिऱ्हाईक रागवत नाही. तीच गोष्ट सामान बांधून झाल्यावर सांगितली, तर भांडण ठरलेलं.

एक ओळ मात्र लिहू नका, जी सगळे सर्वात आधी लिहितात: "काही झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही." तुमच्या निष्काळजीपणाला ती ओळ वाचवत नाही, आणि वाचणाऱ्या आईला मात्र पहिल्याच दिवशी कळतं की या माणसाला जबाबदारी नको आहे. त्या जागी लिहा की पाण्यावर किती माणसं नजर ठेवतील, त्यांची नावं काय आणि जीवरक्षक कुठे उभा असेल.

हे सगळं एका पानात बसतं. साध्या मराठीत, मोठ्या अक्षरात. बॅच सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी पालकांना टँकवर बोलवा, पान वाचून दाखवा, खुर्च्या कुठे आहेत ते दाखवा आणि तिथेच सही घ्या. जमलं तर आई आणि बाप दोघांची, कारण सही बाप करतो आणि रोज आणायला आई येते.