श्रद्धा, संशय आणि मंडळी

घरांतील एखादा तरुण शिकून मोठा झाला आणि देवपूजेस बसण्याचें टाळूं लागला, किंवा श्राद्धाच्या दिवशीं कांहीं निमित्त काढून बाहेर जाऊं लागला, म्हणजे वडील माणसांच्या मनास चिंता उत्पन्न होते. हा आतां आपला राहिला नाहीं, असें त्यांस वाटतें. आणि या घरांत आपलें म्हणण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, असें त्या तरुणास वाटूं लागतें. या दोन्ही समजुती कितपत खऱ्या आहेत, याचा विचार करण्यास उपयोगी पडेल असें एक परदेशांतील चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. हे गृहस्थ केवळ संशयवादी नव्हते. ते धर्मोपदेशक होते आणि अखेरपर्यंत धर्मोपदेशकच राहिले.

थिओडोर पार्कर यांचा जन्म १८१० सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत, लेक्सिंग्टन गांवच्या एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. अकरा भावंडांत हे सर्वांत धाकटे. १८३७ मध्यें बॉस्टनजवळील वेस्ट रॉक्सबरी येथील एका लहान मंडळीचे ते उपदेशक झाले. ही मंडळी युनिटेरियन पंथाची होती. ईश्वर एकच आहे, त्याचीं तीन रूपें मानण्यास आधार नाहीं, आणि धर्माच्या बाबतींतही विवेकबुद्धीचा कौल घेतला पाहिजे, असें म्हणणारा हा ख्रिस्ती लोकांतील उदार पंथ होय. त्या प्रांतीं उपदेशकांनीं आळीपाळीनें एकमेकांच्या मंदिरांत जाऊन प्रवचन करण्याची चाल होती. मागच्या पिढींत कित्येक सनातनी उपदेशकांनीं या उदार मंडळींशीं तो व्यवहार बंद केला होता. म्हणजे पंक्तिबाह्य होण्याचें दुःख या पंथास नवें नव्हतें.

१८४१ च्या मे महिन्याच्या १९ तारखेस दक्षिण बॉस्टन येथें पार्कर यांनीं एक प्रवचन केलें. ख्रिस्ती धर्मांत टिकाऊ काय आणि क्षणभंगुर काय, हा त्याचा विषय. भूमितीचे सिद्धांत युक्लिड मोठा होता म्हणून खरे ठरत नाहींत, ते स्वतःच्या बळावरच खरे असतात. त्याचप्रमाणें ईश्वरावर व मनुष्यमात्रावर प्रेम करावें, हें सत्य चमत्कारांच्या कथांवर किंवा ग्रंथाच्या प्रामाण्यावर अवलंबून नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. विधि व मतें काळाबरोबर पालटतात. त्यांच्या आंत असलेला धर्म पालटत नाहीं.

यानंतर जें घडलें तें विचार करण्याजोगें आहे. सनातन्यांनीं ओरड केली, त्यांत आश्चर्य नाहीं. परंतु पार्करांच्या स्वतःच्याच पंथांतील बहुतेक उपदेशकांनीं आपल्या मंदिराचें व्यासपीठ त्यांस देण्याचें बंद केलें. ज्यांस काल वाळींत टाकलें होतें, ते आज दुसऱ्यास वाळींत टाकूं लागले! १८४३ च्या जानेवारींत बॉस्टनच्या उपदेशक-मंडळानें त्यांस समोर बसवून, तुम्हीं आपण होऊन मंडळांतून निघून जावें, असें सुचविलें. पार्करांनीं शांतपणें नकार दिला. प्रश्न विचारण्याच्या हक्कापुरता का होईना, हा वाद लढविलाच पाहिजे, असें त्यांस वाटत होतें. वादाच्या सबंध वेळांत ते डगमगले नाहींत. पण शेवटीं कांहीं सभासद त्यांच्या प्रामाणिकपणाविषयीं चांगले शब्द बोलले, तेव्हां मात्र त्यांस रडूं कोसळलें आणि ते उठून बाहेर गेले. संशय घेणारा मनुष्य कठोर हृदयाचा असतो, असें मानणारांनीं हा प्रसंग अवश्य ध्यानांत ठेवावा. आपलीं माणसें दुरावल्याचा घाव त्यासही तितकाच लागतो.

त्याच शहरांत, त्याच पंथांत, एमर्सन यांनीं दुसरा मार्ग पत्करला होता. भाकरी व द्राक्षरस यांचा प्रभुभोजनाचा विधि आपल्या मनास पटत नाहीं, तो अशा रीतीनें चालविणें आपणांकडून होणार नाहीं, असें त्यांनीं १८३२ मध्यें आपल्या मंडळीस सांगितलें आणि कोणावरही दोष न ठेवतां उपदेशकपद सोडलें. पुढें ते लेखक व व्याख्याते म्हणून जगभर कीर्ति पावले. त्यांनीं केलें तें अयोग्य होतें असें आम्ही म्हणत नाहीं. न पटणारा विधि पोटासाठीं करीत राहण्यापेक्षां तो सोडणें शतपटीनें बरें. परंतु पार्कर यांची वाट अधिक अवघड होती, असें आम्हांस वाटतें.

१८४५ मध्यें बॉस्टनच्या कांहीं नागरिकांनीं, पार्कर यांचें म्हणणें शहरास ऐकूं आलें पाहिजे, असा ठराव करून त्यांच्यासाठीं मेलोडिअन नांवाचें नाटकगृह भाड्यानें घेतलें. तेथें नवी मंडळी उभी राहिली. १८५२ पासून ती म्युझिक हॉल या विस्तीर्ण दिवाणखान्यांत भरूं लागली, आणि दर रविवारीं दोन-तीन हजार लोक जमूं लागले. दुसऱ्या कोणत्याही मंदिरांत ज्यांचें मन रमत नव्हतें, असे पुष्कळजण त्यांत होते. 'लिटल विमेन' लिहिणाऱ्या लुइझा मे अल्कॉट यांसही तरुणपणीं येथेंच आधार मिळाला. पार्कर प्रार्थनेंत ईश्वरास पिता म्हणत तसेंच माता म्हणूनही आळवीत. विठ्ठलास माउली म्हणणाऱ्या महाराष्ट्रास यांत नवल वाटणार नाहीं; तेथें मात्र तें अपूर्व होतें.

ही मंडळी केवळ प्रवचनें ऐकण्यापुरती नव्हती. विल्यम व एलन क्राफ्ट हें दांपत्य गुलामगिरींतून पळून बॉस्टन येथें आलें होतें. १८५० मध्यें पळालेल्या गुलामांस पकडून परत पाठविण्याचा कडक कायदा झाला आणि त्यांस धरण्यास माणसें आलीं, तेव्हां पार्कर यांनीं एलनला आपल्या घरांत लपविलें, दोघांचें कायदेशीर लग्न लावून दिलें, आणि तीं इंग्लंडास सुखरूप गेलीं. त्या दिवसांत प्रवचन लिहितांना ते पिस्तूल जवळ ठेवीत. १८६० सालीं इटलींतील फ्लॉरेन्स येथें क्षयरोगानें त्यांचें देहावसान झालें. तेव्हां त्यांस पन्नास वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं.

या उदार पंथाचा आपल्याकडेही प्रत्यक्ष संबंध आला. कर्मवीर विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ पर्यंत ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजांत, युनिटेरियनांच्याच साहाय्यानें, धर्माचें अध्ययन करीत होते. परत येऊन ते मुंबईच्या प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले व १९०६ मध्यें त्यांनीं अस्पृश्यांसाठीं निराश्रित साहाय्यकारी मंडळी काढली. पुढें मतभेद वाढून १९१० मध्यें त्यांस तें प्रचारकपद सोडावें लागलें. उदार म्हणविणाऱ्या मंडळीसही स्वतःच्या पलीकडे पाहणारा मनुष्य जड होतो, हा अनुभव येथेंही चुकला नाहीं.

तेव्हां आमच्या घरांनीं काय करावें? वडील मंडळींस आमची विनंति अशी कीं, तरुणाचा संशय प्रामाणिक आहे कीं आळसाचा आहे, हें आधीं पाहावें. प्रामाणिक असेल तर शपथा घेववूं नयेत, टोमणे मारूं नयेत. पूजेस बसत नसेल तर आजोबांस ग्रंथ वाचून दाखविण्याचें, आजाऱ्याजवळ रात्र जागण्याचें, आल्यागेल्याचें पाहण्याचें काम त्याजकडे द्यावें. आणि तरुणांस सांगावयाचें तें हें कीं, न पटणाऱ्या गोष्टीस नम्रपणें नाहीं म्हणा, पण घरांतील कष्टांस नाहीं म्हणूं नका. ज्या आजीच्या देव्हाऱ्यावर तुमचा विश्वास नाहीं, तिच्यासाठीं पहांटे फुलें आणून देण्यास कोणत्याही सिद्धांताची आडकाठी येत नाहीं.