गोळी बदलतांना

संततिनियमनाचा शब्द उच्चारतांच घरांत कुजबूज होण्याचे दिवस आतां मागें पडत आहेत. प्रा. र. धों. कर्वे यांनीं १९२१ मध्यें मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें, तेव्हां त्यांस समाजाचा रोष पत्करावा लागला. उलट २००७ मध्यें सातारा जिल्ह्यांत, पहिलें अपत्य दोन वर्षें लांबविणाऱ्या नवदांपत्यास ५,००० रुपये देण्याची सरकारी योजनाच निघाली!

कुजबूज सरली, परंतु तिच्या जागीं उसनवारी आली आहे. धाकट्या जावेस एखादी गोळी सोसत नाहीं, म्हणून थोरली आपल्या पाकिटांतली काढून देते. हेतु चांगला, पण गोळी म्हणजे विरजण नव्हे, कीं शेजारच्या वाटींतून आणावें.

सातारा काय किंवा सांगली काय, सरकारी आरोग्यकेंद्रांतून 'माला-एन' व 'छाया' या गोळ्या विनामूल्य मिळतात. दोहोंची जात निराळी. माला-एनच्या पाकिटांत २१ गोळ्या संप्रेरकांच्या व ७ लोहाच्या. रोज एक घ्यावयाची. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनें शोधलेल्या छायेंत संप्रेरक नाहीं. ती पहिले तीन महिने आठवड्यांतून दोनदां व पुढें एकदां घ्यावयाची. एकीचा नेम दुसरीस लावला, कीं घोटाळा झालाच.

मळमळ, किंचित् रक्तस्राव अशा तक्रारी बहुधा तीन महिन्यांत शमतात. तेवढ्यानें उतावीळ होऊं नये. मात्र रक्तदाब वाढलेला असल्यास, मूल सहा महिन्यांच्या आंतलें व अंगावर पिणारें असल्यास, किंवा क्षयावर रिफाम्पिसिन चालू असल्यास माला-एन योग्य नव्हे. पाय एकाएकीं सुजून दुखूं लागला किंवा छातींत कळ आली, तर त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा.

बदलतांना मुख्य धोका मधल्या खंडाचा. संप्रेरकांच्या एका गोळीवरून तसल्याच दुसरीवर जावयाचें असेल, तर एकविसाव्या गोळीच्या दुसऱ्याच दिवशीं नवें पाकीट सुरू करावें. लोहाच्या गोळ्यांसाठीं थांबूं नये. छायेचा आरंभ पाळीच्या पहिल्या दिवशीं करतात. तोंवर कोणतें साधन वापरावें, हें आधींच विचारून ठेवावें.

घरांतील वडील स्त्रियांस आमची एवढीच विनंती आहे: सुनेस आपलें पाकीट देऊं नका, दवाखान्यांत जाण्यापुरती सकाळ मोकळी करून द्या. तिची प्रकृति तिची आहे. निवडही तिनेंच डॉक्टरांच्या सल्ल्यानें करावी.